फंकव्हेल : कोठार चांगले, गल्ला मात्र नाही

गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, अमळनेरजवळच्या एका गावात, खानदेशाची लोकदेवता कानबाई हिच्या जागरणाचे ध्वनिमुद्रण करण्याचा योग आला. रोटांच्या नैवेद्याचे सगळे आटोपून बायका ओसरीवर बसल्या तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि उठल्या तेव्हा दीड वाजून गेला होता. सात बायका, डफावर गावातलेच एक सत्तरीचे आप्पा आणि माझे दोन मायक्रोफोन, एवढाच सरंजाम. तीन तासांची ती फाईल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाने तीन जीबीच्या वर गेली. घरी येऊन ऐकली तेव्हा मधूनमधून कुत्री भुंकत होती, एकदा कुणाचे तरी मूल रडले होते, पण त्यातली सहा गाणी अशी निघाली की ती संगणकात कोंडून ठेवणे मला जमले नाही. ती कुठे ठेवावीत, लोकांना कशी ऐकवावीत आणि ऐकणाऱ्याने हौसेने चार पैसे दिले तर ते त्या आठ जणांपर्यंत कसे पोहोचवावेत, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना मी फंकव्हेल या मुक्त संगीत-मंचापर्यंत आलो. श्रावणापासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत), म्हणजे साधारण आठ महिने, तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवून पाहिल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे माझे पूर्वग्रह वाचकांना ठाऊक राहतील. अमळनेरात माझी एका खोलीची ध्वनिमुद्रणाची जागा आहे. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक आणि लग्नसराईच्या तोंडावर अहिराणी गाणी, एवढ्यावर ती वर्षभर चालते. अहिराणी गाण्यांना आता यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज मिळतात, हे खानदेशात कुणाला वेगळे सांगायला नको. हळदीच्या मांडवात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मात्र हा पैसा कुठे जातो, ते माझ्या खोलीतून दिसते. काही वर्षांपूर्वी इथेच मुद्रित झालेल्या एका गाण्यासाठी गायिकेला तीन हजार आणि ढोलवाल्याला पाचशे रुपये रोख मिळाले, कोरसमधल्या बायकांना तर चहा-फराळावर वाटेला लावले. गाणे पुढे तुफान चालले. व्हिडिओच्या खाली कंपनीचे नाव, निर्मात्याचे नाव, नाचणाऱ्या जोडीचे नाव आणि अगदी ड्रोन उडवणाऱ्याचेही नाव होते. कोरसमधल्या एका जिजींना मी तो व्हिडिओ मोबाइलवर दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतःचा आवाज बरोबर ओळखला आणि शांतपणे विचारले, “मनं नाव कोठे शे, भाऊ?” कानबाईच्या त्या सात जणींमध्ये या जिजीही होत्या, म्हणून हा प्रश्न पुन्हा ऐकण्याची वेळ येऊ नये, अशी माझी इच्छा होती.

फंकव्हेल म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एलियट बेरिओ या प्रोग्रामरने सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर २०१८ च्या सुमारास लोकांसमोर आले. २०१५ मध्ये बंद पडलेल्या ग्रूव्हशार्क या ऑनलाइन संगीत-सेवेसारखे काहीतरी पुन्हा असावे, ही त्यामागची प्रेरणा होती, पण या वेळी एका कंपनीच्या हातात सगळे नको, असा निश्चय होता. सॉफ्टवेअर एजीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे ते कुणीही उतरवून घ्यावे, आपल्या सर्व्हरवर बसवावे, बदलावे आणि लोकांसाठी चालवताना बदललेला कोडही त्यांना खुला ठेवावा. अशा एकेका सर्व्हरला ‘पॉड’ म्हणतात. एका पॉडवरचा श्रोता दुसऱ्या पॉडवरच्या कलावंताचा चॅनल धरून ठेवू शकतो, जसे एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते. पॉडांमधली ही बोलाचाली ‘अॅक्टिव्हिटीपब’ या नियमावलीने चालते, जिला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे समाजमाध्यमही त्याच नियमावलीवर चालते, त्यामुळे तिथूनही गाण्यांचा चॅनल अनुसरता येतो. अर्थात मॅस्टोडॉनवर खाते असलेला माणूस मला अमळनेर तालुक्यात अजून भेटलेला नाही.

बसवण्याचे काम माझ्यासारख्या हौशी माणसाला एका शनिवार-रविवारात जमले. महिना सातशे रुपयांच्या भाड्याचा सर्व्हर, वर्षाला हजाराच्या आतले डोमेन आणि सूचनापत्रात दिलेल्या आज्ञा एकामागून एक टाकण्याचा संयम, एवढे भांडवल पुरते. पहिली फजिती मात्र लगेच झाली. मी मोठ्या उत्साहाने गाण्याचा दुवा गावातल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला आणि पाच मिनिटांत उत्तरे आली, की गाणे नाही, पासवर्ड मागणारे पान उघडते आहे. फंकव्हेल मुळात खातेदारांनाच ऐकवते. खाते नसलेल्यालाही ऐकू यावे, यासाठी प्रशासकाने व्यवस्थापनाच्या पानात जाऊन ती अट काढावी लागते. अट काढली, गाणे वाजले, पण तोवर गटातल्या निम्म्या लोकांनी ‘यात काही राम नाही’ असे ठरवून टाकले होते. ज्यांना हा मंच वापरायचा असेल त्यांनी दुवा पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर तो उघडून पाहावा.

साठवणुकीच्या बाबतीत फंकव्हेल उत्तम आहे, हे मोकळेपणाने सांगतो. फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली, फाईल टाकली की ती जशीच्या तशी राहते आणि मोबाइलच्या नेटला झेपेल असा हलका अवतार सर्व्हर स्वतःच तयार करतो. पाच मिनिटांचे गाणे फ्लॅकमध्ये सुमारे तीस एमबी होते, त्यामुळे एखाद्याने दुसऱ्याच्या पॉडवर एक जीबीची जागा मिळवली तरी तीसेक गाणी सुखाने मावतात. प्रत्येक फाईलबरोबर परवाना नोंदवता येतो. चॅनलची आरएसएस फीडही, म्हणजे नव्या गाण्यांची आपोआप पोहोचणारी यादीही, निघते, म्हणजे पॉडकास्ट ऐकण्याच्या कोणत्याही अॅपमध्ये कानबाईची गाणी लावता येतात. मोबाइलसाठी सबसॉनिक या जुन्या पद्धतीशी जुळणारी अॅप्स चालतात, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो; ही पायरी कुणाच्या ध्यानात राहत नाही आणि मग रात्री अकराला फोन येतो. पानांचा वेग ठीक आहे, शोध देवनागरीतही चालतो.

खटकले ते नावांच्या रकान्यात. मी वापरलेल्या १.x या आवृत्तीमालिकेत एका गाण्याला कलावंताचा एकच रकाना आहे. फाईलमध्ये आधी शीर्षक, अल्बम आणि कलावंत हे टॅग, म्हणजे आतल्या नोंदी, भराव्या लागतात आणि त्यासाठी म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-नोंदकोशाचे पिकार्ड हे अवजार वापरावे, असा सल्ला दिलेला असतो. तो सल्ला चांगला आहे, पण सात बायका आणि एक डफवाला यांना एका रकान्यात कसे बसवायचे? आठही नावे स्वल्पविराम देऊन लिहिली, तर मंचाच्या दृष्टीने तो आठ नावांचा एकच प्राणी होतो. पुढच्या गाण्यात एक बाई कमी असेल, तर सात नावांचा दुसरा प्राणी जन्माला येतो. एका ठिकाणी ‘बाई’ऐवजी चुकून ‘बाइ’ टंकले गेले, तेव्हा त्याच जिजींची दोन पाने तयार झाली आणि अर्धी गाणी एका पानावर, अर्धी दुसऱ्यावर गेली. हा किरकोळ तांत्रिक दोष आहे, असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आमच्याकडे पैशाचा अन्याय नेहमी नावाच्या अन्यायापासून सुरू होतो. हजेरीपटावर नाव नसेल तर मजुरी कुठून मिळणार? शेवटी मी अल्बमला ‘कानबाई मंडळ’ असे एक नाव दिले आणि प्रत्येक गाण्याच्या वर्णनात आठही जणांची नावे, कोणी कोणते कडवे उचलले यासह, स्वतंत्र लिहिली. ते करायला जागा आहे, पण ते मंचाला समजत नाही, वाचणाऱ्यालाच समजते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पैशाकडे. फंकव्हेलमध्ये पैसे देण्याची किंवा घेण्याची सोय मुळातच नाही. ऐकणाऱ्याला ‘द्या’ म्हणणारे बटण नाही, विक्री नाही, वर्गणी नाही. जाहिराती नाहीत, हे त्याचे भूषण आहे आणि गल्ला नाही, ही त्याची मर्यादा. सुरुवातीला मला हा निष्काळजीपणा वाटला. नंतर थोडे खोलात गेल्यावर लक्षात आले, की विकेंद्रित मंचावर ‘जितकी वेळा वाजले तितके पैसे’ हा हिशेब बसवणेच अवघड आहे, कारण मोजणारा एक असा कुणी नसतो. माझ्या पॉडवरचे गाणे दुसऱ्या पॉडवरच्या माणसाने लावले, की तो पॉड फाईलची एक प्रत काही दिवस आपल्याकडे ठेवतो आणि पुढचे ऐकणे तिथल्या तिथे होते; ते किती वेळा झाले, याची नोंद माझ्याकडे येत नाही. आली असती तरी तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ज्याच्या हातात सर्व्हर, त्याच्या हातात आकडा. स्वतःच्या गाण्याचे आकडे फुगवायला एक रात्र पुरते.

मोठ्या कंपन्यांकडे एकच मोजणारा असतो, पण म्हणून वाटप न्याय्य होते असे नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांमध्ये सगळ्या वर्गणीदारांचा पैसा एका मोठ्या राशीत जातो आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे वाटला जातो. समजा, सुरतेत उधन्याला राहणारा आपला एक माणूस महिन्याला शंभर रुपये भरतो आणि महिनाभर फक्त अहिराणी गाणी ऐकतो. त्याचे शंभर रुपये त्या गायकांकडे जात नाहीत; ते राशीत मिसळतात आणि त्यातला मोठा भाग देशभरात जे सर्वाधिक वाजते त्याच्याकडे जातो. गावाच्या मंदिरासाठी दिलेल्या वर्गणीतून जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या देवस्थानाचा कळस व्हावा, तसा हा प्रकार आहे. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यांना ध्वनिमुद्रणाचे मानधन देणे बंद केले. कानबाईचे गाणे वर्षातून एकदा, श्रावणात, ऐकले जाते. त्याला हजाराची अट म्हणजे दारच बंद. साउंडक्लाउडने १ एप्रिल २०२१ पासून, स्वतंत्र कलावंतांपुरते का होईना, प्रत्येक श्रोत्याचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतांमध्येच वाटण्याची पद्धत आणली, ती मला अधिक सरळ वाटते.

पर्याय शोधताना रेझोनेट या सहकारी मंचाचा हिशेब मला सगळ्यात लोभस वाटला आणि त्याच्यावर थोडे थांबतो. तिथे गाणे पहिल्यांदा ऐकले की ०.००२ युरो कापले जात, दुसऱ्यांदा त्याच्या दुप्पट, तिसऱ्यांदा त्याच्याही दुप्पट, असे करत नवव्यांदा ०.५१२ युरो, नऊ वेळांची बेरीज १.०२२ युरो होते आणि मग ते गाणे श्रोत्याच्या मालकीचे होऊन पुढे कायमचे फुकट. म्हणजे सहज कानावरून गेलेल्या गाण्याला जवळपास काहीच पडत नाही, पण जे पुन्हापुन्हा लावावेसे वाटते त्याची पूर्ण किंमत मोजली जाते. किराणा दुकानातल्या चवीच्या चिमटीपासून पोत्यापर्यंतचा हा व्यवहार माणसाच्या स्वभावाला धरून आहे. नफ्यातला ४५ टक्के वाटा कलावंतांना, ३५ टक्के श्रोत्यांना आणि २० टक्के काम करणाऱ्यांना, अशी रचनाही लिहून ठेवलेली होती. दुर्दैवाने हा सहकारी प्रयोग पुढे थंडावला. सहकाराची अशी गत खानदेशातल्या वाचकाला नवी नाही; कल्पनेत खोट नसतानाही कारखाना बंद पडू शकतो.

दुसऱ्या टोकाला ऑडियस हा संगीत-मंच आहे, जो २०१९ पासून ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांत वाटलेल्या सामाईक नोंदवहीवर, चालतो आणि स्वतःचे टोकन, म्हणजे आभासी नाणे, देतो. मोजणाऱ्यावर विश्वास नाही, तर नोंदवही सगळ्यांच्या हातात द्या, असा त्याचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. पण जुलै २०२२ मध्ये त्याच नोंदवहीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन एकाने सुमारे ६० लाख डॉलर किमतीची टोकन पळवली. शिवाय आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएस. डफ वाजवणाऱ्या आप्पांना मी टोकनचे रुपये कसे करायचे हे समजावतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले आणि तो विषय तिथेच मिटवला.

बँडकॅम्पचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण स्वतंत्र कलावंतांना सरळ पैसे मिळवून देण्यात त्याच्याइतके काम कुणी केलेले नाही. २००८ पासून चालणारी ही सेवा डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवून घेते. पण ती विकेंद्रित नाही आणि त्याचे मोल २०२२-२३ मध्ये दिसले: आधी एपिक गेम्स या व्हिडिओ-गेम कंपनीने ती विकत घेतली, दीड-एक वर्षात साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीला विकली आणि त्या फेऱ्यात निम्म्याच्या आसपास कर्मचारी घरी गेले. घर भाड्याचे असले की मालक बदलला तरी सामान आपलेच उचलावे लागते.

मग मी फंकव्हेललाच यूपीआयचा गल्ला जोडला. आपल्याकडे २०१६ पासून जी सोय रुजली आहे, तिच्यात अकरा रुपये द्यायलाही पाच सेकंद लागतात आणि दोघांपैकी कुणाचाही एक पैसा कापला जात नाही. जगातल्या कित्येक संगीत-मंचांना ही गोष्ट स्वप्नवत वाटावी. त्यांची अर्धी डोकेदुखी छोट्या रकमांवरच्या दलालीची असते. माझी पहिली शक्कल मात्र मूर्खपणाची ठरली: मी क्यूआर कोड अल्बमच्या मुखपृष्ठावरच छापला. एक तर मोबाइलवर तो नखाएवढा होतो आणि दुसरे, ज्या मोबाइलवर गाणे वाजते आहे त्याच मोबाइलने त्याचाच पडदा स्कॅन कसा करायचा? एका मावशींनी शेजारणीचा फोन आणून तो प्रयोग केला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. नंतर वर्णनात एका साध्या पानाचा दुवा दिला, ज्यावर बोट ठेवले की फोनमधले पैशाचे अॅप थेट उघडते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. आठही जणांचे वेगळे यूपीआय देता आले असते, तर मधे कुणीच नसते. विकेंद्रीकरणाचा खरा अर्थ तोच. पण यूपीआयचा पत्ता पुष्कळदा मोबाइल क्रमांकच असतो आणि पैसे देणाऱ्याला बँकेतले पूर्ण नाव दिसते. आपला नंबर इंटरनेटवर झळकावा, असे त्या सात जणींपैकी एकीलाही वाटेना, आणि ते योग्यच होते. दोघींची खाती नवऱ्याच्या नावावर आहेत. आप्पांकडे साधा बटणांचा फोन आहे. शेवटी माझ्या खोलीचाच क्यूआर लावावा लागला. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने मी बोटे मोडत होतो, तिच्याच खुर्चीत मी बसलो. सगळे सॉफ्टवेअर मुक्त, नियमावली मुक्त, सर्व्हर माझा आणि पैसा मात्र एका माणसाच्या खात्यात! हे लक्षात आल्यावर मी एकच उपाय केला: दर महिन्याच्या पाच तारखेला, किती रुपये आले आणि कोणाला किती दिले, याचा हिशेब त्याच पानावर, गाण्यांच्या खाली लावायला सुरुवात केली. देणाऱ्यांची नावे नाहीत, फक्त तारीख आणि रक्कम. लग्नात बँडवर ओवाळून टाकलेल्या नोटा सगळ्यांसमोर एका पेटीत जातात आणि सगळ्यांसमोरच मोजल्या जातात, तसे. माझ्या मते मंच कोड उघडा ठेवतो की नाही यापेक्षा तो हिशेब उघडा ठेवतो की नाही, हे वाजवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, आणि फंकव्हेलने या दुसऱ्या उघडेपणासाठी एक रकानासुद्धा ठेवलेला नाही.

पॉडकास्टच्या दुनियेत असा रकाना आहे. अॅडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या पॉडकास्ट इंडेक्स या पॉडकास्टच्या खुल्या सूचीच्या मंडळींनी फीडमध्येच वाटे लिहिण्याची सोय काढली: या भागाचे इतके टक्के निवेदकाला, इतके संगीतकाराला, इतके संपादकाला. श्रोत्याने दिलेली रक्कम मधे न थांबता त्या वाट्यांनी फुटते. अडचण अशी, की ती रक्कम बिटकॉइनच्या, छोट्या रकमा झटपट पाठवणाऱ्या लायटनिंग जाळ्यावरून जाते आणि वर सांगितलेली कराची कटकट पुन्हा दारात येते. पण कल्पना नेमकी आहे. तोच वाट्यांचा तक्ता फंकव्हेलच्या चॅनलमध्ये आला आणि पुढचे काम यूपीआयने केले, तर खानदेशातल्या बँडपथकांपासून तमाशाच्या फडांपर्यंत पुष्कळांची सोय होईल.

ज्यांना सर्व्हर सांभाळण्याची झंझट नको, त्यांनी सायमन रेप यांचे फेअरकॅम्प हे सॉफ्टवेअर पाहावे. ते संगणकावर चालवले की गाण्यांच्या फोल्डरमधून तयार वेब-पाने निघतात, जी कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर टाकता येतात. त्यात उतरवून घेण्याला कुलूप लावता येते: श्रोत्याने पैसे द्यावेत, आपण त्याला एक संकेत-शब्द पाठवावा, त्याने फाईल उघडून घ्यावी. विश्वासावर चालणारा हा व्यवहार आमच्याकडच्या उधारीच्या वहीपेक्षा फार वेगळा नाही. पॉडांमधला संवाद त्यात फंकव्हेलइतका नाही, पण ज्याला एकच अल्बम विकायचा आहे त्याने उगाच रेल्वे विकत घेऊ नये.

कायद्याबद्दल दोन गोष्टी, कारण गायक मंडळी मला त्या सारखी विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याप्रमाणे गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा त्यांनी लिहून दिला तरी कंपनीकडे जात नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही हक्क आहे. तीन हजार रोख देऊन ‘सगळे हक्क आमचे’ असा कागद सही करून घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते किंवा फार चांगले ठाऊक असते. दुसरी गोष्ट कडू आहे: त्याच कायद्यातले कलम ५२ लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित सोहळ्यांतल्या वादनाला मानधनातून सूट देते. सूट योग्यच आहे, नाहीतर वरबापाच्या मागे आणखी एक वसुलीवाला लागेल. पण अहिराणी गाण्याचे सगळ्यात मोठे मैदान म्हणजे हळद आणि वरात, आणि तिथे वाजलेल्या गाण्यातून कायद्याने कुणाला काही मिळायचे नाही. म्हणून ऐकणाऱ्याने आपणहून दिलेले अकरा रुपये इथे इतर कुठल्याही प्रांतापेक्षा अधिक मोलाचे आहेत. परवान्याबाबत मी क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांतला, व्यापारी वापराला मनाई असलेला पर्याय निवडला. तो एकदा दिला की वाटलेल्या प्रतींवरून मागे घेता येत नाही, हे सातही जणींना आधी बसवून समजावले. एकीने नकार दिला, तिच्या एकटीचे गाणे मी चढवले नाही.

आठ महिन्यांत एकूण ६,४३० रुपये आले. सगळ्यात लहान रक्कम ११ रुपयांची, सगळ्यात मोठी ५०१ ची आणि बाकीच्या बहुतेक २१, ५१, १०१ अशा, म्हणजे लोकांनी किंमत चुकवली नाही, ओवाळणी घातली. निम्म्याहून अधिक पैसे सुरतेहून आले. याच काळात सर्व्हरचे भाडे ५,६०० रुपये झाले, म्हणजे निखळ धंद्याच्या नजरेने पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे आणि एका मंडळासाठी एक पॉड ही चैन आहे. पाच-सहा मंडळांनी, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या संगीत विभागाने, मिळून एक पॉड चालवला तरच तो अंगाशी येणार नाही. आम्ही दहा वाटे ठरवले होते: आठ जणांचे आठ, ध्वनिमुद्रणाचा एक, सर्व्हरचा एक, सर्व्हरचे उरलेले भाडे मी खोलीच्या कमाईतून भरले. प्रत्येकी ६४३ रुपये झाले.

ज्याला गाणी जपायची आहेत, ती कुणाच्या मर्जीवर ठेवायची नाहीत आणि हातात थोडी तांत्रिक चिकाटी आहे, त्याने फंकव्हेल जरूर घ्यावे. ज्याला उद्याच्या उद्या कमाई हवी आहे, त्याने घेऊ नये. मी सर्व्हरचे भाडे आणखी एका वर्षासाठी भरले आहे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आप्पांचा वाटा रोख द्यायला त्यांच्या घरी गेलो. हिशेबाचे पान छापून नेले होते. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, कागद डोळ्यांजवळ धरून नावांवरून बोट फिरवले आणि विचारले, की मध्यरात्रीनंतर अर्धा तास ढोलकी धरून बसला होता त्या पोराचे नाव यात का नाही. मी ते विसरलो होतो. घरी येऊन फाईल पुन्हा ऐकली. सहापैकी शेवटच्या दोन गाण्यांत ढोलकी स्पष्ट आहे. त्या दोन गाण्यांच्या वर्णनात नाव घातले, माझ्या वाट्यातले तीनशे रुपये त्याला पाठवले आणि पुढच्या महिन्यापासून वाटे अकरा केले आहेत.